चुनकळीची उधारी

मराठी माध्यमातून दहावी झालेल्या कोणत्याही माणसाला रात्री दोन वाजता उठवा आणि विचारा, उष्मादायी अभिक्रिया म्हणजे काय? डोळे न उघडता तो सांगेल, "ज्या अभिक्रियेत उष्णता बाहेर टाकली जाते तिला उष्मादायी अभिक्रिया म्हणतात. उदाहरणार्थ, कळीचा चुना पाण्यात टाकणे." आणि तुम्ही विचारलं नसलं तरी कूस बदलता बदलता उष्माग्राहीही सांगून टाकेल. कारण हा प्रश्न 'फरक स्पष्ट करा'मध्ये येतो आणि एकाच बाजूचं लिहिलं तर गुण कापले जातात. वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ, डावीकडे 'टाकली जाते', उजवीकडे 'शोषली जाते'. संपला विषय.

त्या चुन्याकडे एवढी उष्णता मुळात आली कुठून, हे रेघेच्या कुठल्याच बाजूला लिहिलेलं नसतं. वर्गात विचारायची सोयही नसते, कारण सर तोवर संक्षारणावर पोचलेले असतात.

आता तर चुनकळी विझवताना पाहिलेली पिढीच ओसरत चालली आहे. हल्ली घराला रंग द्यायचा म्हणजे दुकानात बसून चारशे छटांचं पुस्तक चाळायचं, त्यातली 'सकाळची साय' आणि 'हस्तिदंती स्वप्न' या दोन छटांमध्ये काही फरक आहे असं बायकोला दाखवायचं आणि शेवटी पूर्वीचाच रंग द्यायचा. आमच्या गावच्या घरी भिंतींपुढे एकच पर्याय होता, पांढरा. फारच हौस आली तर त्यात चिमूटभर नीळ.

दसरा झाला की दिवाळीच्या आत घराला चुना व्हायचा. 'उद्या चुना' असं जाहीर झालं की बायका भांडी, फडताळं, तसबिरी हलवायला घेत आणि पुरुष सल्ले द्यायला घेत. वखारीतून चुनकळीचं पोतं येई. ती दिसायला अगदी गरीब. पांढरे-करडे ओबडधोबड खडे, हाताला थंड. हे खडे मागच्या अंगणात, आडव्या कापलेल्या लोखंडी पिंपात ओतले जात, आणि मग आमचे थोरले काका, म्हणजे अण्णा, आघाडीवर येत.

अण्णा एरवी घरात पाण्याचा तांब्यासुद्धा स्वतःच्या हाताने भरून घेत नसत. पण चुना विझवताना पाणी कोण, कधी आणि किती ओतणार याचा निर्णय मात्र त्यांचा. धोतर वर खोचलेलं, हातात लांब बांबू, आणि तोंडाने अखंड, "पोरं मागं घ्या! पोरं मागं घ्या!" यात अतिशयोक्ती काही नव्हती. उकळत्या चुन्याचा थेंब डोळ्यात उडाला तर डोळा जाऊ शकतो. पण पोरांना मागे घेणारं कुणी मोकळं नसल्यामुळे पोरं स्वतःच दोन पावलं मागे जात आणि तीन पावलं पुढे येत.

"अण्णा, घालू का पाणी?" रंगारी विचारी.

"बेतानं."

पहिली घागर पडली की काही क्षण काहीच होत नसे. या मोकळ्या वेळाचा फायदा आत्या घेई. "दादा, कळी मेलेली दिसत्येय. हवा लागलीय तिला. वखारवाल्यानं बनवलंन तुला." एवढ्यात पहिला खडा तडके, मग दुसरा, मग पिंपातून वाफेचे लोट, रटरट, फसफस, आणि खाली काडीचाही जाळ नसताना पाणी खदखदायला लागे. अण्णा आत्याकडे बघत. आत्या वाफेकडे बघे.

तसं आत्याचं शास्त्र चोख होतं. उघडी पडलेली चुनकळी हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड खाऊन पोत्यातल्या पोत्यातच थंड होते, आणि मग तिच्यावर अख्खी विहीर ओतली तरी ती ढिम्म. फक्त त्या वर्षीच्या पोत्याला ते लागू नव्हतं, आणि कुटुंबात शास्त्र नुसतं बरोबर असून भागत नाही, वेळेवर बरोबर असावं लागतं.

आता आकडे. एक किलो चांगली चुनकळी पाण्याशी संयोग पावते तेव्हा सुमारे 1,160 किलोज्यूल उष्णता सुटते. वीस अंशांचं साडेतीन लिटर पाणी उकळीला आणायला तेवढी पुरते. चहाच्या भाषेत सांगायचं तर अख्खी रंगाऱ्यांची टोळी, अण्णा, आत्या आणि मागे न हटलेली पोरं, सगळ्यांचा चहा. पण हाच आकडा घरगुती सिलिंडरच्या हिशेबाने मांडला तर सगळा रुबाब उतरतो. तेवढीच उष्णता मिळवायला साधारण पंचवीस ग्रॅम गॅस पुरतो. जेमतेम दोन तोळे! वाफ, आवाज, बांबू, धोतर, आरडाओरडा, सगळं मिळून दोन तोळे गॅस. स्वयंपाकघरात सून रोज याच्या कितीतरी पट ऊर्जा मुकाट्याने हाताळायची, पण तिच्यासाठी कुणी "पोरं मागं घ्या" म्हटल्याचं मला आठवत नाही.

चुनकळीच्या या वागण्याने चक्रावलेल्या लोकांत अण्णांच्या आधी फार मोठी माणसं होऊन गेली. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर आफ्रिकेत संत ऑगस्टीन आपला 'देवाचे नगर' हा प्रचंड ग्रंथ लिहीत होता, आणि त्यात त्याने चुनकळीला चक्क चमत्कारांच्या यादीत बसवलं. त्याचा मुद्दा बिनतोड होता. हा दगड हाताला थंड लागतो, पण आत विस्तव लपलेला आहे. बरं, हा विस्तव पेटतो कशाने? तर ज्याने विस्तव विझतो त्या पाण्याने. आणि ज्याने विस्तव भडकतो ते तेल ओतलं तर? काहीच नाही. यापुढे त्याने जे म्हटलं आहे ते वाचून आपण जरा सावरून बसावं. असला दगड हिंदुस्थानात सापडतो असं कुणी सांगितलं असतं आणि आपल्याला तो पडताळून पाहता आला नसता, तर आपण ते थाप म्हणून सोडून दिलं असतं किंवा थक्क झालो असतो. पण रोज डोळ्यांपुढे असल्यामुळे कुणाला काही वाटत नाही. दीड हजार वर्षांहून अधिक काळापूर्वीसुद्धा जगाला न पटणाऱ्या गोष्टी हिंदुस्थानच्याच खात्यावर टाकायची पद्धत होती, हे पाहून बरं वाटतं.

'आत विस्तव लपलेला आहे' ही समजूत पुढे बराच काळ टिकली. चुन्याच्या भट्टीत दगड भाजताना अग्नीचे कण त्यात शिरून बसतात, म्हणून तो जीभ पोळणारा, कातडी खाणारा होतो, असं विद्वान सांगत. या समजुतीला पहिला जोरदार धक्का दिला जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश डॉक्टराने, 1756 मध्ये, आणि तेही मुतखड्याच्या निमित्ताने. मुतखडा विरघळवायला चुन्याची निवळी द्यावी असं तेव्हाचं वैद्यक होतं. पण चुना शिंपल्याचा चांगला की दगडाचा चांगला, यावरून एडिंबरात दोन प्राध्यापकांचं वाजलं होतं. ब्लॅक त्यांच्याच विद्यापीठात शिकत होता. दोन प्राध्यापकांच्या भांडणात विद्यार्थ्याने कुठे उभं राहावं हे त्याला बरोबर कळलं. त्याने प्रबंधासाठी चुना सोडून मॅग्नेशिया घेतलं. तिथून फिरत फिरत तो चुन्याकडे आला, आणि त्याने जे केलं ते आपल्याकडचा कुठलाही वाणी पहिल्या दिवशी करतो: तराजू काढला. दगड भाजण्याआधी तोलला, भाजल्यावर तोलला. अग्नीचे कण शिरले असतील तर वजन वाढायला हवं, निदान घटायला तरी नको. ते चांगलंच घटलं होतं. दगडात काही शिरलं नव्हतं, दगडातून एक वायू निघून गेला होता. तो म्हणजे आजचा कार्बन डायऑक्साइड. शंभर किलो शुद्ध चुनखडी भाजली तर छप्पन किलो चुनकळी हाती लागते. उरलेले चव्वेचाळीस किलो धुराड्यातून गेलेले असतात, आणि त्याची पावती कुणी देत नाही.

मुंबईत हार्बर मार्गावर चुनाभट्टी नावाचं स्टेशन आहे. तिथून रोज जाणाऱ्यांपैकी कितीजणांना नावातल्या भट्टीची आठवण होते कोण जाणे. गाडीत पाय ठेवायला जागा मिळाली की माणसाला इतिहास सुचत नाही. अशा भट्ट्यांत दगडाचे आणि कोळशाचे थर आलटून पालटून रचायचे आणि पेटवून द्यायचे. आतलं तापमान नऊशे अंशांच्या आसपास गेलं की चुनखडी आपला वायू सोडते. ती हे खुशीने करत नाही. एक किलो चुनकळी तयार व्हायला, भट्टीतून वाया जाणारी उष्णता सोडून, नुसत्या अभिक्रियेपायी सुमारे 3,180 किलोज्यूल तिच्या घशात घालावे लागतात.

वहीतली उभी रेघ अपुरी पडते ती इथे. चुना 'उष्णता देतो', असं आपण घोकलं. चुना कसला देतो! त्याने ती भट्टीकडून आधीच उचललेली असते. अण्णांच्या पिंपात जो काही थाट चालायचा तो कुठल्यातरी भट्टीवाल्याच्या कोळशावर.

पण मग ही उचललेली ऊर्जा त्या थंडगार खड्यात राहते कुठे? इथे रसायनशास्त्रातल्या एका जुन्या गैरसमजाला हात घालावा लागतो. तो इतका पसरलेला आहे की शिकवण्या घेणारेही बिनदिक्कत सांगतात: 'बंध तुटले की ऊर्जा बाहेर पडते.' ऐकायला छान वाटतं. काहीतरी तुटलं, फुटलं, आतून ऊर्जा सांडली. प्रत्यक्षात नेमकं उलट आहे. कोणताही रासायनिक बंध तोडायला ऊर्जा घालावी लागते. ऊर्जा मिळते ती नवा बंध जुळताना. हे पटत नसेल तर दोन मराठी बायका दारात निरोप घेताना बघाव्यात. "बरंय, निघते" हे वाक्य होऊन अर्धा तास झालेला असतो. एक चप्पल पायात, एक बाहेर. नवरा खाली स्कूटर सुरू करून उभा आहे, तो हॉर्न वाजवतो आहे, पोर हात ओढतं आहे, वर पाऊस येतो आहे. एवढी सगळी ऊर्जा बाहेरून ओतल्यावर कुठे तो बंध तुटतो. आणि खाली उतरल्या उतरल्या, फाटकाशी, तिला तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी भेटतात. तो नवा बंध जुळायला मात्र कुणालाही काही खर्च येत नाही. उलट दोघींच्या चेहऱ्यावर जे तेज फुलतं त्यावर नवऱ्याची स्कूटर बंद पडावी.

अगदी हेच शेगडीवर चालतं. नळाने घरात येणारा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. सोळा ग्रॅम मिथेन जळताना त्याचे आणि प्राणवायूचे जुने बंध तोडायला सुमारे 2,650 किलोज्यूल खर्च होतात. कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांचे नवे बंध जुळताना सुमारे 3,450 मिळतात. हातात राहिले 800, आणि त्यावर आपली पोळी भाजते. एवढी उलाढाल करून एवढीशी शिल्लक! पण खर्च आधी आणि कमाई नंतर असल्यामुळे कुणीतरी पहिली ठिणगी टाकावी लागते. म्हणून तर 14.2 किलो गॅस भरलेला सिलिंडर, म्हणजे सुमारे 180 युनिट विजेइतकी ऊर्जा, ओट्याखाली वर्षानुवर्षं आपल्या पायाशी शांत बसून राहतो. गळलेल्या गॅसचा हवेशी योग्य मिलाफ झाला असेल, तर त्याला भडकायला लागणारी ठिणगी मात्र एका ज्यूलच्या हजाराव्या भागाहूनही लहान असते. या माहितीनंतर ज्यांना रात्री उठून रेग्युलेटर तपासावासा वाटेल त्यांनी तपासावा, पण दिव्याचं बटण दाबू नये.

मूळ मुद्दा उधारीचा. निसर्गाच्या या वहीखात्यावर पहिल्यांदा पद्धतशीर नजर टाकली ती एका करवसुली अधिकाऱ्याने, हे मला फार योग्य वाटतं. आंत्वान लव्हाझिए हा रसायनशास्त्राचा जनक असला तरी पोटापाण्यासाठी फ्रान्सच्या राजाचे कर गोळा करणाऱ्या कंपनीत भागीदार होता. आलेलं आणि गेलेलं जुळलंच पाहिजे हा त्याचा धंद्याचा स्वभाव, तोच त्याने प्रयोगशाळेत नेला. 1782-83 च्या हिवाळ्यात त्याने आणि गणिती लाप्लासने बर्फाने वेढलेलं एक भांडं बनवलं. आत जे काही ठेवाल त्याने किती बर्फ वितळतो ते मोजायचं, म्हणजे किती उष्णता सुटली ते कळतं. या भांड्यात त्यांनी एक जिवंत गिनीपिगही ठेवला. त्या बापड्याने श्वास घेत बसून राहण्यापलीकडे काही केलं नाही, आणि तेवढ्याने बर्फ वितळला. लव्हाझिएने निष्कर्ष काढला की श्वसन हे अतिशय संथ ज्वलन आहे. माणसाचंही तसंच. दिवसाला दोन हजार किलोकॅलरी खाणारा गृहस्थ सरासरी शंभर वॅटच्या आसपास जळत असतो. दुपारी आरामखुर्चीत वर्तमानपत्र तोंडावर घेऊन पडलेल्या अण्णांच्या अंगी एका जुन्या पिवळ्या बल्बएवढं तेज होतं, फक्त उजेड पडत नसे.

लव्हाझिएच्या करवसुलीचा हिशेब मात्र क्रांतीने वेगळ्या पद्धतीने केला. 1794 मध्ये त्याचा गिलोटिनखाली शिरच्छेद झाला.

त्याच्यानंतर या खात्याला पक्का नियम दिला जर्मेन हेसने. जन्म जिनिव्हाचा, वाढला रशियात, शिकला डॉक्टरकी, काही काळ सैबेरियात इर्कुत्स्कला रोगी तपासले आणि शेवटी सेंट पीटर्सबर्गला रसायनशास्त्रात स्थिरावला. 1840 मध्ये त्याने सांगितलं की सुरुवात आणि शेवट तोच असेल तर एका उडीत जा नाहीतर दहा पायऱ्यांनी जा, एकूण उष्णता तेवढीच. गंधकाम्लात कधी थोडं, कधी जास्त पाणी आधी मिसळून, मग अमोनियाने ते उदासीन करून त्याने हे तपासलं. दरवेळी मधले आकडे वेगळे, बेरीज एकच. म्हणजे गावाला एसटीने जा, नाहीतर काकांच्या गाडीने तीन ठिकाणी भजी खात जा, निसर्ग तिकीट तेवढंच फाडणार.

हा नियम घेऊन आता आपण आमच्या मागच्या अंगणात परत जाऊ, कारण हिशेब अजून जुळलेला नाही. भट्टीने किलोमागे 3,180 घातले. अण्णांच्या पिंपाने वाजतगाजत परत केले 1,160. मधले 2,020 किलोज्यूल कुठे आहेत? वखारवाल्याने खाल्ले म्हणावं तर या एका बाबतीत तो निर्दोष आहे.

ते भिंतीत आहेत. विझवलेला चुना गाळून, त्यात थोडं मीठ, थोडा डिंक घालून रंगारी कुंच्याने भिंतीला दोन हात देतो. हा ओला चुना नुसता वाळत नाही. तो खोलीतल्या हवेतून कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि सावकाश पुन्हा चुनखडी होतो, तोच दगड जो भट्टीत गेला होता. हे होताना नवे बंध जुळतात आणि राहिलेले 2,020 किलोज्यूल भिंत परत करते. हप्त्याहप्त्याने. इतक्या हळू, की भिंतीला गाल लावून बसलात तरी कळणार नाही. सफेदीचा पातळ थर हे काम लवकर उरकतो. पण जाडजूड चुनेगच्ची भिंतीच्या पोटातला चुना वर्षानुवर्षं, खोलवर तर पिढ्यान्‌पिढ्या, फेड करत राहतो. आपल्या गडांवर चुना मळायच्या दगडी घाण्या अजून दिसतात. त्या चुन्यात कुणी गूळ घाले, कुणी बेलफळ, कुणी हिरडा. बुरूज पडले, तोफा गेल्या, खाली पार्किंगला पावत्या फाडायला लागले, आणि आत कुठेतरी तीनशे वर्षांपूर्वीच्या भट्टीचा हप्ता अजून चालू असायची शक्यता आहे. 1,160 अधिक 2,020. हेसला दाखवलं असतं तर त्याने मान डोलावली असती.

यात एक मौज आहे. भिंत घट्ट व्हायला जो वायू लागतो तो खोलीत बसलेली माणसंच पुरवतात. एक किलो चुनकळीच्या चुन्याला परत दगड व्हायला साधारण पाऊण किलोहून थोडा जास्त कार्बन डायऑक्साइड लागतो, आणि एक माणूस दिवसभरात श्वासावाटे जवळपास एक किलो बाहेर टाकतो. नव्या चुन्याच्या घरात पूर्वी शेगड्या पेटवून ठेवत, त्याचं एक कारण हेच. पण आमच्या घरी शेगडीची गरज नव्हती. चुना झाला की त्याच संध्याकाळी तो कसा झाला यावर चर्चा बसे. कोपऱ्यात कुंचा लागला नाही, वर पोपडा राहिला, गेल्या वर्षीचा रंगारी बरा होता, त्याच्या आधीचा तर हिराच. दहा माणसं, चार तास, कुणीही श्वास वाया घालवत नव्हतं. ही टीका ऐकता ऐकता भिंती पक्क्या होत होत्या. शिवाय या अभिक्रियेत पाणी सुटतं, त्यामुळे भिंत पुन्हा ओलसर दिसे, आणि मग 'ओल आलीय' यावर आणखी एक तास.

या उधारीची वसुली चुकीच्या वेळी झाली तर काय होतं, याची आठवण अमेरिकेतल्या मेन राज्याने जपून ठेवली आहे. एकोणिसाव्या शतकात रॉकलंड बंदरातून शिडाची जहाजं पिंपंच्या पिंपं चुनकळी भरून न्यूयॉर्ककडे जात. जहाज गळलं, चुनकळीला पाणी लागलं, की पिंपं तापून लाकूड पेटायचं. चारी बाजूंना समुद्र, आणि आगीवर टाकायला एक थेंबही चालत नाही! कप्तान काय करी? चुन्याचाच गिलावा कालवून जहाजाची प्रत्येक फट, झडप, दार लिंपून टाकी, म्हणजे आत हवा जाणार नाही, आणि मग ते धुमसतं जहाज बंदराबाहेर इतरांपासून लांब नांगरून वाट बघत बसे. परवा विमानतळावर मी स्वतःचं स्वतः तापणाऱ्या जेवणाचा परदेशी डबा पाहिला. खालच्या कप्प्यात पुडी, पुडीत चुनकळी, वर पाणी ओतायचं, झाकण लावायचं. डब्याच्या किमतीत आमच्या अण्णांनी पोतं आणलं असतं आणि रंगाऱ्याची मजुरी दिली असती. वर बारीक अक्षरात लिहिलेलं: मुलांपासून दूर ठेवा.

राहता राहिली रेघेची उजवी बाजू. उष्माग्राही. हिच्यावर कायम अन्याय होतो, कारण गरम झालेलं लोकांना दिसतं, गार झालेलं नुसतं जाणवतं. युरिया फवारणाऱ्या शेतकऱ्याला विचारा. दहा लिटर पाण्यात किलोभर युरिया ढवळला की पाणी पाच-सहा अंशांनी गार पडतं, बादली बाहेरून घामेजते. काटेकोर माणसं म्हणतील की हे विरघळणं आहे, अभिक्रिया नव्हे. त्यांच्यासाठी फ्रूट सॉल्ट आहे. खाण्याचा सोडा आणि सायट्रिक आम्ल पाण्यात एकत्र आली की चक्क अभिक्रिया होते, आणि ती आजूबाजूची उष्णता ओढून घेते. पेला हाताला गार लागतो तो म्हणून.

या पेल्याने एका फार थोर माणसाची पंचाईत केली आहे. मार्सेलँ बेर्तलो. उष्मादायी आणि उष्माग्राही ही विभागणी रसायनशास्त्रात रुळली ती याच्यामुळे, म्हणजे आपल्या वहीतली उभी रेघ मुळात याची. त्याचं आणि डेन्मार्कच्या थॉमसनचं म्हणणं होतं की आपणहून होणारी अभिक्रिया सर्वांत जास्त उष्णता सुटेल त्याच दिशेने जाते. निसर्ग देणारा आहे, घेणारा नाही. ऐकायला इतकं उदात्त, की ते खरं नाही हे सांगायला वाईट वाटतं. उष्णता देऊन टाकण्याइतकीच निसर्गाला दुसरी एक गोष्ट प्रिय आहे, ती म्हणजे पसारा. घट्ट बसलेले कण मोकळे व्हावेत, वायू होऊन उधळावेत, यासाठी तो प्रसंगी पदरची उष्णताही मोडतो. भट्टीत नऊशे अंशांना चुनखडी वायू सोडायला राजी होते तीही या पसाऱ्याच्या ओढीने, आणि पेल्यात सोडा फसफसतो तोही त्याच ओढीने. बेर्तलो मात्र आपल्या तत्त्वाला बराच काळ चिकटून राहिला. पुढे 1895 मध्ये तो फ्रान्सचा परराष्ट्रमंत्री झाला. तिथे तत्त्वाला चिकटून राहण्याची सवय उपयोगी पडली की नडली, हा इतिहासकारांचा प्रश्न.

आमच्याकडे या पेल्याची वेळ यायची ती भाऊबीजेच्या रात्री. चार दिवसांच्या चकल्या, अनारसे, शेव आणि दर घरच्या वेगळ्या तुपातला लाडू पोटात घेऊन अण्णा ओटीवर फेऱ्या मारत. त्यांचं शंभर वॅटचं ज्वलन मागे पडलेलं आणि सरपणाची आवक फार झालेली. शेवटी आत्या फ्रूट सॉल्टचा पेला आणून देई. "सांगत होते दादा, चौथा अनारसा नको." अण्णा एका दमात तो गार, फेसाळ पेला रिकामा करत, नव्या कोऱ्या भिंतीकडे तोंड करून उभे राहत आणि सबंध वाड्याला ऐकू जाईल अशी ढेकर देत. त्या ढेकरीत कार्बन डायऑक्साइड भरपूर असे, आणि समोरच्या भिंतीला अजून बरेच हप्ते फेडायचे होते.